अर्धं पाऊल

“पुन्हा. दोर वाकला,” तेक-सू म्हणाला.

चारही बचावपटू मुकाट मागे गेले. चौघांच्या कमरेला एकच दोर बांधला होता, गोजे बेटावरच्या जहाज कारखान्यातून आणलेला. समोरून चेंडू मारला जायच्या आत चौघांनी एकदम पुढे सरकायचं, म्हणजे विरुद्ध संघाचा खेळाडू त्यांच्या पाठीमागे एकटा उरतो आणि ऑफसाइड ठरतो. काम एवढंच. पण पहाटे फुटबॉल खेळणाऱ्या या क्लबाने गेल्या तीन सामन्यांत इथेच नऊ गोल खाल्ले होते. रविवारी हरले, की खालच्या गटात रवानगी. तेक-सू प्रशिक्षक म्हणून इरेला पेटला होता.

या वेळी त्याने नुसते पाय पाहिले. ग्वाक सर पुढे आले, गुडघ्यामुळे हळू. उरलेले तिघे त्यांच्या अर्धं पाऊल मागे थांबले, अगदी मापून.

“प्योंग-हो, मागे का राहतोस रे?”

“सरांच्या पुढे कसं जायचं, दादा?” वेल्डर प्योंग-हो म्हणाला. “रस्त्यावर तरी जातो का आपण?”

इथल्या सगळ्यांना, तेक-सूलाही, गणित सरांनीच शिकवलं होतं. सर बत्तीस वर्षं याच जागी खेळत होते. आता त्यांना संघाबाहेर बसवायला हवं, हे त्याला महिनाभर कळत होतं. जीभ रेटत नव्हती.

“पुढे जा,” सर म्हणाले. “मी सांगतोय.”

शिट्टी झाली. तिघे पुढे धावले, दोराला हिसका बसला आणि सर तोंडावर आपटले. तिघेही धावत मागे आले.

“उचलू नका मला,” सर मातीतूनच खेकसले. “रेषा मोडलीत ना, गाढवांनो.”

कोणी हसलं नाही. सर उठले. कमरेची गाठ त्यांनी स्वतःच सोडली आणि दोराचं टोक राखीव खेळाडू सांग-उकच्या हातात दिलं. मग मैदानाच्या कडेला जाऊन रेषेवरच्या पंचाचा झेंडा उचलला.

“तेक-सू, बघत काय बसलास? शिट्टी मार.”

पहिली शिट्टी नीट वाजलीच नाही. दुसरी वाजली.

चौघे एकदम पुढे आले. दोर सरळ राहिला. बाहेरून सरही त्यांच्या बरोबरीने एक पाऊल सरकले आणि त्यांनी झेंडा वर केला. ऑफसाइड.

जागेवर परतताना प्योंग-हो आणि बाकीचे मान वळवून सरांकडेच बघत होते.

“इकडे काय बघताय?” सर म्हणाले. “समोर बघा.”