हळदी साडेसातला कुठे जाते

आमची हळदी रोज संध्याकाळी साडेसातला घरातून नाहीशी होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा गावाला जायला नऊ दिवस उरले होते. हळदी म्हणजे आमची पिवळी मांजर. दुसरा नुसता बोका, त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. बोका माझ्या पायाशी बसून साडेसातची सिरियल बघतो. हळदीसुद्धा बघायची. आता गाणं सुरू झालं की ती उठते, खिडकीतून बाहेर गॅलरीत उडी मारते आणि आठ वाजता परत येते. तेव्हा तिच्या मिशांना तळलेल्या बांगड्याचा वास येत असतो.

मी संशयी आहे असं आमचे हे म्हणतात. असेन. तीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात गैरहजेरीच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. एकाच मुलाची आजी चौथ्यांदा वारली की माणूस संशयी होणारच.

आमच्या मजल्यावर संध्याकाळी बांगडा तळणारी एकच बाई, शेजारची ललिता. नवरा गेला, मुलगी सासरी, मुलगा बदलापूरला, एकटीच असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि हळदीने तिच्या ओट्यावरची सुरमई पळवली. ललिताने हळदीला उलथनं फेकून मारलं. मग माझंही डोकं फिरलं. सगळ्या मजल्यासमोर मी ओरडले, "परत माझ्या उंबऱ्याला पाय लावशील तर बघ!" तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आणि जी बाई सुरमईच्या चार तुकड्यांसाठी माझ्या मांजरीच्या जिवावर उठली, ती आता तिला बांगडा भरवते? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात आमच्या ह्यांचं वागणं. सिरियल लागली की हे उठून खिडकीचा पडदा सरकवायचे. "वारो येऊंदे गो." पंखा चारवर फिरत असताना ह्यांना कसला वारा हवा होता? मग रिमोट घेऊन आवाज मोठा करायचे. ह्यांचे कान चांगले आहेत. तिसऱ्या खोलीत कोणी पापड मोडला तरी ह्यांना ऐकू येतो. आणि सिरियलला तर हे नावं ठेवतात.

मी रोज एकेक गोष्ट जमवत होते. एका सकाळी ललिता नळावर समोरच्या खोलीतल्या मेघनाला सांगत होती, "त्या सासवेन कागद पिठाच्या डब्यात लपवल्यान." हे तर आदल्या दिवशीच सिरियलमध्ये दाखवलं होतं. आणि ललिताचा टीव्ही गणपतीपासून बंद पडलाय, हे सगळ्या चाळीला माहीत. मोबाईलवर बघावं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिला बारीक दिसत नाही. मग पिठाचा डबा तिला कोणी सांगितला? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बादली भरण्यात गुंग.

गावाला जायचं होतं देवगडला, माझा भाऊ अवधूत याच्या नव्या घराच्या पूजेला. आठ दिवसांसाठी. आम्ही पाच भावंडं होतो, आता तो आणि मी दोघंच उरलोय. बहिणीशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणून तो हटून बसला होता. पण चावी कोणाकडे द्यायची? शेजाऱ्याकडे चावी ठेवून जायची आमच्या चाळीची रीत. मेघनाला मांजरांच्या केसांनी शिंका येतात. बाकी अर्धा मजला कुलूपबंद.

"ललिताकडे देऊया," हे म्हणाले.

"तिच्याकडे? आठ दिवसांत हळदी तिची होऊन बसेल. आताच तिने तिला फितवलीय!"

"माजर ता. कोनाचाच नसता."

"मग तुम्ही एकटेच जा. मी येत नाही."

हे मी रागात बोलले, पण बोलले ते खरंच होतं. त्या दिवसापासून ह्यांचं जेवण कमी झालं. रोज अवधूतचा फोन यायचा आणि मी रेंज नसल्यासारखं "हॅलो, हॅलो" करायचे.

शेवटच्या संध्याकाळी बॅग अर्धी भरून पलंगावर पडली होती. पहाटेची गाडी. हे म्हणाले, "तू येव नको तर नको. माका गाऱ्हाणा तर घालूक होया." गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी गावाला निघत नाही. घरातला मोठा माणूस देवासमोर नारळ ठेवून काय मागायचं ते मोठ्याने मागतो आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून ते इतकं अंगात भिनलेलं असतं की झोपेतलं पोरही हो म्हणतं.

"जाहिरात लागली की घाला," मी म्हणाले. सिरियल चालूच होती. हळदी केव्हाच खिडकीतून गेली होती.

जाहिरात लागली. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! तुझो दत्ताराम उद्या गावाक येता. वाटेत काय अडचन आसात ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आणि माझ्यापाठोपाठ आणखी कोणीतरी म्हटलं. मला वाटलं, मला भास झाला.

"घराची, माजरांची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." परत दोन आवाज. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतलेले.

तिसऱ्या वेळी मी मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं.

"आणि कोनाच्या मनात काय राग-रुसवो आसात, तो काढून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडकीखालून स्पष्ट आवाज आला.

मी तीरासारखी दाराबाहेर गेले. खिडकीला लागून पालथ्या बादलीवर ललिता बसली होती. मांडीवर हळदी, बाजूला बशीत बांगड्याचे काटे. तिथून पडद्याच्या फटीतून आमचा टीव्ही समोर दिसत होता. मी रोज पाठ करून बसायचे तिथपासून दोन हातांवर ही बाई बसत होती.

ललिता उभी राहिली. जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. "उंबऱ्याक पाय लावलंय नाय हां, वयनी," ती घाईघाईने म्हणाली. "शप्पथ. मी भायरच बसतंय. ह्या माजर आपणच येता माझ्याकडे. एकटीन खावक बरा वाटना नाय, म्हणून तेका घास देतंय."

दोन वर्षं मी ते वाक्य विसरून गेले होते आणि तिने ते पाळलं होतं. मला फार लाज वाटली, पण जे सुचलं ते नेहमीसारखं रागातच बाहेर पडलं.

"नऊ दिवस मी वेड्यासारखी मांजरीवर पाळत ठेवलीय! आवाज नाही द्यायचा?"

आत नारळ फोडल्याचा आवाज झाला. ह्यांनी खोबऱ्याचा तुकडा आणून माझ्या हातात ठेवला आणि परत आत गेले. मी दारात उभी, ललिता बाहेर. तिने सवयीने हात पुढे केला.

"उंबऱ्यावरून प्रसाद देतात का कधी?" मी म्हणाले. "आत ये."

 मग तिने पदराने डोळे पुसले, पायपुसण्यावर पाय घासले, आणि आत आली. हळदी तिच्या आधी. मी खोबरं दिलं आणि खिळ्यावरची चावी काढून तिच्या हातात ठेवली.

"बोक्याला साडेसातला टीव्ही लागतो," मी म्हटलं. "घरात बसून. आठ दिवस चुकवायचं नाही."

"नाय चुकवूचंय."

ती माझ्या शेजारी खाली बसली. जाहिराती संपल्या आणि सासू परत पिठाच्या डब्याकडे निघाली. ह्यांनी रिमोट उचलला, आणि कितीतरी दिवसांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवला.