दीड मिलिमीटर

जालिंदरने पाइपाच्या कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावला आणि जाडीचा आकडा पुन्हा वाचला. दीड मिलिमीटर. ड्रॉइंगमध्येही दीडच होतं आणि खाली इंजिनियर गिरीश साहेबाची सही होती. चार वर्षं गेली, एक माणूस जन्माचा लंगडा झाला, तरी साहेबाचं दीड काही सुटलं नव्हतं.

जालिंदरला आधी हसू आलं. मग इतका संताप आला, की त्याने व्हर्नियर मुकाट्याने डबीत ठेवून दिला. हातात राहिला असता तर भिंतीवर गेला असता.

तेव्हाचं गॅरेज दुसरं होतं, दोह्याच्या याच सनैयातलं, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतलं, चार गल्ल्या पलीकडे. गाडी फक्त ट्रॅकसाठी होती. चाचणीत पुढचं चाक धरून ठेवणारा पाइपाचा आर्म तुटला आणि चालवणाऱ्या देवीदासचा गुडघा गेला. गिरीशने तुटलेल्या आर्मकडे लांबूनच पाहिलं आणि मालकाला सांगितलं, वेल्ड कच्चं होतं. आठवड्याच्या आत जालिंदर परतीच्या विमानात होता. गावात बातमी त्याच्याआधी पोचली. लोक खिडकीची ग्रिलसुद्धा दुसऱ्याकडे करायला टाकू लागले. निघताना भंगारातून उचललेला बोटभर तुकडा त्याने पेटीत जपला होता. वेल्ड शाबूत, आणि त्याला लागून पाइप फाटलेला. तो दाखवायचा कुणाला, एवढंच त्याला कळत नव्हतं.

आता जालिंदर पुन्हा दोह्यात, महमूदच्या गॅरेजमध्ये लागला होता आणि तिथेच हा गिरीश स्वतःसाठी गाडी बांधून घेत होता. रेसिंगचं सस्पेन्शन, रेसिंगचे ब्रेक, सहा पट्ट्यांचा सीटबेल्ट. शिवाय इंडिकेटर, हॉर्न, नंबरप्लेट. शुक्रवारी ट्रॅकवर पळवायची आणि एरवी अल वक्राच्या घरापासून ऑफिसपर्यंत मिरवायची, असा बेत. दर दोन दिवसांनी तो येई, महमूदशी बोले आणि जाई. वेल्डिंगच्या मास्कमागे कोण आहे, हे त्याने कधी पाहिलं नाही. पूर्वीही पाहिलं नव्हतं.

"जो कागज पे है वही लगा," महमूद म्हणाला. "साइन उनका है."

म्हणजे वेगळं काही करायचंच नव्हतं. कागदाबरहुकूम सुरेख वेल्ड मारायचं आणि वाट पाहायची. एखाद्या शुक्रवारी, एखाद्या वळणावर पाइप आपोआप बोलला असता. जालिंदरने ते वळण मनात चार-पाच वेळा घेऊन पाहिलं. त्याला फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

दुपारी डबा खाताना मात्र घास हातातच राहिला. पाइप फाटला तर लोक काय म्हणणार? वेल्ड कच्चं होतं, हेच. आणि गिरीश मेलाबिला, तर मेलेला माणूस कबूल काय करणार? छे. साहेब धडधाकट हवा होता, दोन्ही गुडघ्यांसकट.

डबा तसाच मिटून तो उठला आणि त्याने मांडणीवरून अडीचचा पाइप काढला. आर्म झाले, तसा पेटीतला तुकडाही काढला.

गाडी तपासणीला न्यायच्या सकाळी गिरीशने चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले आणि त्याचा चेहरा उतरला.

"आगे दो किलो ज्यादा कैसे?"

"आर्म में अढाई लगाया," जालिंदर मास्कमागून म्हणाला.

"किससे पूछके?"

महमूदने कपाळाला हात लावला आणि फाइल आणली. त्याच्या गॅरेजचा नियम होता, ड्रॉइंगपेक्षा वेगळं काही लागलं, तर इंजिनियरने स्वतःच्या हाताने कारण लिहायचं. त्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नसे. गिरीश फणकारत सीटवर बसला. फाइल मांडीवर घेतली आणि उजवा हात सवयीने गिअरवर ठेवला.

गिअरची मूठ नवी होती, बोटभर पाइपाची. अंगठा वेल्डच्या खवल्यांवरून फिरला आणि शेजारच्या फाटलेल्या कडेशी थांबला. गिरीशने मान खाली घालून मुठीकडे पाहिलं.

जालिंदरने मास्क वर केला.

"देवीदासच्या गाडीतलं हाय, साहेब," तो मराठीत म्हणाला. "वेल्ड माझं. पाइप तुमचा."

"तू... तुम्ही तिथे होतात?"

"व्हतो की. तुमी बगितलं न्हाई."

महमूदला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तो नुसता दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. गिरीशने घाईघाईने एक ओळ लिहिली आणि फाइल पुढे केली. पाइप पातळ होता.

"कंच्या गाडीचा?" जालिंदरने विचारलं.

"ह्याच गाडीचा."

"दोन्हीचा लिवा."

पेन कागदावर टेकलं, थांबलं आणि मग चाललं. जालिंदरने खालची सही नीट पाहिली, पानाचा फोटो काढला आणि उभ्या-उभ्याच देवीदासला पाठवून दिला.

"लिहिलं ना आता? ही मूठ काढून टाका," गिरीश हळू आवाजात म्हणाला.

"न्हाई निघायची."

"का?"

"वेल्ड पक्कं हाय, साहेब."

महमूदने शटर वर केलं. गाडी बाहेर काढायला गिरीशला पहिला गिअर टाकावाच लागला.