दारातलं माणूस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात. ते तोडायला पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, हीच गोटमारी. जखमी मात्र दोन्ही काठांचे एकाच दारात येतात, आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात. गोटमारीच्या दिवशी त्या दारात मी, तिथली नर्स, केस पांढरे होईपर्यंत उभी राहिले.

दारातल्या माणसाचं काम एकच. जखमीला बघायचं आणि मनगटाला पट्टी बांधायची. लाल असेल तर आधी आत, पिवळी असेल तर थोडं थांबा, हिरवी असेल तर बाकड्यावर बसा. ओरडणारा थांबू शकतो, गप्प झालेल्याला आधी बघायचं. आणि दार सोडायचं नाही. माझं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा; पण दारात ते मला कोणी विचारलं नाही. एका वर्षी आमचे हे कान फाटून आले. मी हिरवी बांधली. दुपार कलेपर्यंत बसले बिचारे. पुढे जन्मभर पाहुण्यांना सांगायचे, "बायको दारात असून माहा नंबर लागला नाही न भाऊ!" सांगताना छाती मात्र फुगलेली असायची.

यंदा मी निवृत्त झाले होते, तरी डॉक्टरांनी मला गोटमारीच्या तालमीसाठी बोलावलं. दारासाठी मी धनश्रीचं नाव सुचवलं. धनश्री माझ्या जावेची मुलगी. तिला नर्सिंगला मीच घातलं होतं. पट्ट्या मी घरी शिवून नेल्या. तालमीत मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर उत्तम खोटा जखमी झाला आणि गडाबडा लोळला. "मेलो व माय! लाल बांध न!"

"बाकड्यावर बसा उत्तमभाऊ," धनश्री हिरवी बांधत म्हणाली, "नौटंकी करून राहिले."

सगळे हसले. मला वाटलं, आता मी निवांत मरायला मोकळी.

गोटमारीच्या दिवशी मी आत मदतीला होते. टेबलं भरत गेली, शेवटी एकच उरलं. तेवढ्यात धनश्रीचा भाऊ राजू आला. भुवई फुटलेली, सदरा रक्ताने भिजलेला, आणि आवाज तर पुलापर्यंत जाईल एवढा. त्याच्या मागे सावरगावच्या चौघांनी एका पोराला उचलून आणलं होतं. रक्ताचा थेंब नाही आणि तोंडातून शब्द नाही. धनश्रीने राजूला लाल बांधली, त्या पोराला न बघताच हिरवी, आणि दार सोडून भावाला धरून आत आली.

मी बाकड्याशी गेले. पोराची मान कलली होती. पापणी उचलली तर एक बाहुली मोठी, एक लहान; म्हणजे डोक्याला आतून मार. मी हिरवी पट्टी सोडून लाल बांधली आणि आत येऊन म्हटलं, "राजू, उठ. टेबल सोड."

राजू उठला. धनश्री सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, शेवटी तुम्ही सावरगावच्याच न!"

कोणीतरी तिला गप्प करेल असं वाटलं. उत्तम खाली बघून कापूस पिंजत राहिला. डॉक्टर आधीच पोरावर वाकले होते. त्यांनी त्याला लगेच ॲम्ब्युलन्सने नागपूरला पाठवलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. राजूला टाके पडले आणि संध्याकाळी तो चौकात चहा पीत होता.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. धनश्री समोर बसली होती.

"ताई, तुम्ही माहेरचं पोरगं आधी घेतलं अशी गावात कुजबुज आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी दारात दोघी ठेवू. पांढुर्ण्याकडून धनश्री, आणि सावरगावकडून तुम्ही."

मी धनश्रीला विचारलं, "त्या पोराची पट्टी कोणती होती? तूच सांग."

"लालच," ती पुटपुटली. "पण राजू माहा भाऊ होता न, काकू."

"मग तसं सांगायचं होतं. माहं गाव काहून काढलं?"

डॉक्टर फोन बघू लागले.

मी निघाले. उत्तम पट्ट्यांचं गाठोडं घेऊन मागे धावत आला. "सिस्टर, हे राहिलं तुमचं."

"माझं नाही ते," मी म्हटलं. "दोन ढीग करा. अर्ध्या ह्या काठाच्या, अर्ध्या त्या काठाच्या."