मालकांचं नाव
चौदा वरसं मी उपास केले, बाटल्या फोडल्या, पर मालकांची दारू सुटली न्हाई. जामखेडला दारू सोडणाऱ्यांची मंगळवारी मीटिंग असती, तिथं जाऊन सुटली. सुटून वरीस झालं म्हणून तिथं केक आणला, मलाबी बोलावलं.

हे उभं राहून म्हणाले, "मी कानिफनाथ. मी दारुडा हाय."

"नमस्कार, कानिफनाथ," अख्खी खोली म्हणाली. त्यात तीन बायका. माझा नुसता जळफळाट झाला. मी ते नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं, तेवढंच.

मग बायकोला मारल्याचं सांगत हे रडले. त्यांच्यापुढं. माझ्यापुढं कधीच न्हाई.

घरी भाकरी थापताना मी मान वर न करता म्हणाले, "नमस्कार, कानिफनाथ."

उंबऱ्यात पावलं थांबली. "तुला लई मारलं मी."

"बसा," मी म्हणाले. "पयल्यापासून सांगा."