कोल्ह्यानं उतरवलेली बॅटरी

"सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही, पण माझी बॅटरी कोल्ह्यानं उतरवली!"

सायकलच्या कॅरिअरवरच्या बॅटरीच्या पोत्याची दोरी सोडायच्या आधीच थापाड्या आबांनी थाप सोडली. चार्जिंगच्या दुकानातली बाई मान वर न करता म्हणाली, "मागल्या खेपेला घुबड होतं."

"घुबडाचं वेगळं, पोरी. त्याला नुसता उजेड बघायचा होता. हा बेटा खोपीत शिरला, पंज्यानं बटण दाबून दिवा लावला अन् रेडिओ ऐकत बसला. बातम्या संपल्या तरी हलेना."

"अन् तुम्ही काय करत होता?"

"आल्या पाहुण्याला ऊठ कसं म्हणायचं?"

बाई हसली. आबांचं निम्मं काम झालं. म्हातारी गेल्यापासून मळ्यातल्या खोपीत त्यांच्या बोलण्याला हूं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. बैल विकले. ढेकळं उन्हात तडकत पडलेली, अन् बांधावर नुसता वारा. थाप मारायची तरी कुणाला? इथं बरं होतं. पण निम्मी उतरलेली बॅटरी दुपारीच भरते अन् माणसाला घरी पिटाळते. पार उतरलेली असली की दिवस मावळेपर्यंत दुकानातलं बाकडं आबांचं.

बाईनं हात पुसले. "थट्टा पुरे आता. किती वेळा सांगितलं, निम्मी उतरली की आणत जा. वेळेवर भरली, आतलं पाणी बघितलं, की वर्षानुवर्षं साथ देते. सारखी तळाला गेली की प्लेटांवर पांढरा थर बसतो, मग कितीही चार्ज करा, धरत नाही. तुमची एखाददुसरी खेप काढेल फार तर. मेली की काय करणार?"

आबांनी बाकड्याच्या कडेवरून हात फिरवला. बॅटरीच नसली, तर या बाकड्यावर कुठल्या तोंडानं येऊन बसायचं?

"कोल्ह्याला दम देतो," ते कसंबसं म्हणाले. "पण आज पार कोरडी आहे हां. चार्जिंगचा थेंब शिल्लक नाही. संध्याकाळच होणार बघ."

त्यांनी पोतं उचलून बाकड्याखालच्या अंधारात सरकवलं अन् ऐसपैस टेकले.

बाई पोतं ओढायला वाकली अन् तशीच थांबली. तागाच्या विणीतून पिवळा उजेड झिरपत होता.

"आबा," ती म्हणाली, "तुमचा कोल्हा दिवा विझवायला विसरला. बॅटरीला जोडलेलाच पोत्यात अजून जळतोय."