बाराच्या डावीकडे

घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला नवी पाटी लागायची होती, आणि तिच्यावर नाव कुणाचं यावरून ताई आणि तिच्या धाकट्या भावाचं चार महिने वाजत होतं. नाजूक काम सगळं ताईचं, पण वडिलांनंतर नाव आपलंच, हे भावानं गृहीत धरलेलं.

शेवटी पैज लागली. दोन सोडला, तर कुठल्याही मूळ संख्येला चारनं भागलं की बाकी एक उरते, नाहीतर तीन. एकवाल्या ताईच्या, तीनवाल्या भावाच्या. जुन्या तबकडीवर काटा बाराला लावला. भावाची संख्या आली की तो मिनिटाचं एक घर उजवीकडे, ताईची आली की एक घर डावीकडे. मूळ संख्यांचं कोष्टक सत्तावीस हजारांपर्यंत होतं. तेवढ्या संख्यांत काटा एकदा जरी बारा ओलांडून डावीकडे गेला, तर पाटी ताईची. भावानं पाच हजारांपर्यंत आधीच गुपचूप करून पाहिलं होतं. काटा एकदाही डावीकडे गेला नव्हता, म्हणून लबाडानं ही अट मोठ्या मनानं मान्य केली.

रोज दुपारी खेळ चाले. सुरुवातीला काटा काही वेळा बाराला टेकला, मग उजवीकडेच हिंडत राहिला. ताई रडकुंडीला आली होती.

आज पेंटर शिडीवर चढून भावाचं नाव खडूनं आखत होता. कोष्टकाचं शेवटचं पान उरलं होतं. २६८४९ला काटा बाराला आला. पुढची २६८६१. ताईनं शेवटच्या दोन आकड्यांना चारनं भागलं. बाकी एक. काटा डावीकडे सरकला आणि तिला जागच्या जागी नाचावंसं वाटलं.

भावाचा चेहरा पडला. कोष्टकच चुकलं असेल म्हणून तो २६८६१ला तीनपासून एकेका मूळ संख्येनं भागत सुटला. पेंटरही खाली उतरून वाकून बघू लागला. १६३ला १२९ उरले, आणि पुढच्या १६७चा वर्गच २६८६१हून मोठा, म्हणजे संख्या मूळच होती.

"पुढची संख्या माझीच आहे. लगेच बरोबरी होतेय," भाऊ म्हणाला.

"होऊ दे. एकदाच जायचं होतं."

भाऊ शिडी चढला आणि आपलं नाव तळहातानं पुसून आला.

पेंटरनं विचारलं, "ताई, तुमचं नाव काय लिहू?"

तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत या दुकानात ते कुणी विचारलंच नव्हतं. आनंदानं आवाज असा फुटला की तिला ते पुन्हा सांगावं लागलं.