डिसेंबरचं पान

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर सकाळी सहाला विनायकरावांनी माणसं मोजली आणि मला म्हणाले, "आलीस, बरं झालं. डिसेंबरचं पान अजून रिकामंच आहे."

ते मला माहीत होतं. त्यासाठीच मी आले होते.

विनायकराव बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या भागातल्या पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ तेच चालवतात आणि दर हिवाळ्यात मंडळाचं एक कॅलेंडर काढतात. बारा सभासद, बारा महिने, प्रत्येकाचा एक फोटो. माझ्या बाबांनी सलग तीन वर्षं डिसेंबर मागून घेतला होता. तिन्ही वर्षं त्यांनी भृंगराज पक्ष्याचा फोटो कबूल केला आणि शेवटी पाणकावळ्याचा नाहीतर कोतवालाचा एक काळा डाग आणून दिला. पहिल्या वर्षी छापखान्यातून फोन आला होता, पानावर शाई सांडली आहे का म्हणून.

बाबा फक्त काळे पक्षी काढायचे. "रंगीत पाखरू कोनीबी काढील," म्हणायचे. "काल्याचा डोला दिसला पायजे." मंडळात त्यांना सगळे काळेकाका म्हणत. आमचं आडनाव काळे नाही.

जूनमध्ये ते गेले. विनायकरावांनी त्यांचा महिना कुणाला दिला नाही. कॅलेंडर सोमवारी छापायला जाणार होतं आणि आज रविवार होता. मला बाबांच्या कॅमेऱ्यातून एक भृंगराज हवा होता, डोळा दिसणारा.

गाडीत हौसाताई माझ्या शेजारी बसल्या. त्या मोरा बंदरावरच्या, आठवड्यातले सहा दिवस उरणच्या बाजारात मासे विकतात आणि सातव्या दिवशी पक्षी बघतात. माझ्या मांडीवरचा कॅमेरा त्यांनी ओळखला.

"काल्याकाकाचा ना यो? तुला चालवता येतो?"

"माहितीपुस्तक दोनदा वाचलंय."

"पुस्तक वाचून मासा कापता येत नाय, बाय."

"मासा हलत तरी नाही, ताई."

"आमच्याकडला हलतो. ताजा असतो."

पुढच्या सीटवरून कुंदन हसला. तो कळंबोलीला रोडपालीत राहतो, कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि त्याची लेन्स दुधाच्या किटलीएवढी आहे. बाबा त्याला गुरू म्हणायचे, तो बाबांहून चाळीस वर्षांनी लहान असूनही.

कर्नाळ्याच्या फाटकातून आत गेल्यावर तासाभरात सगळ्यांना काही ना काही मिळालं. मला एक माकड मिळालं, तेही पाठमोरं. मग डाव्या अंगाच्या झाडीतून शिक्रा या शिकारी पक्ष्याची ओरड आली. विनायकरावांनी हात वर केला, कुंदनने किटली सावरली आणि अख्खी रांग पाय न वाजवता तिकडे वळली.

मीही वळले असते. पण मागच्या बाजूला एका वाळक्या खोडावर टकटक चालू होती. बाबा सांगायचे, "सुताराच्या मागं ऱ्हा, भृंगराज यीलच." सुतार पक्षी साल ठोकतो, किडे बाहेर पळतात आणि भृंगराज ते उडता उडता टिपतो. मी थांबले.

पाचेक मिनिटांत तो आला. काळाभोर, डोक्यावर कुरळा तुरा. शेपटीच्या दोन लांब तारा, त्यांच्या टोकांना एकेक पीस लोंबत होतं. खोडाशेजारच्या उघड्या फांदीवर बसला, आणि बसल्या बसल्या त्याने हुबेहूब शिक्र्याची ओरड काढली. मंडळाची नऊ माणसं झाडीत कुणाला शोधत होती ते मला तेव्हा कळलं.

मी पाच फोटो काढले आणि कॅमेऱ्याचा पडदा बघितला. पाच डाग. तारा होत्या, तुरा होता, डोळ्याच्या जागी काळोख होता. मला हसू आलं, आणि त्याबरोबर बाकीचंही काही येऊ लागलं, म्हणून मी पाण्याची बाटली उघडली.

तेवढ्यात कुंदन परत आला. "शिक्रा नाहीच सापडला. बघू, तुला काय मिळालं?" त्याने पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "उणे दोन? मागे एवढं उजळ आभाळ असताना?"

"बाबांनीच ठेवलं होतं तसं. मी हात लावला नाही."

उणे दोन म्हणजे फोटो मुद्दाम काळोखा करणं, हे मी वाचलं होतं. पण तीन वर्षं काळे पक्षी बाबा काढत होते, मी नाही. काही कारण असेल, असं मी धरून चालले होते.

कुंदन खाली बघत म्हणाला, "मीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, इथंच. पक्षी अगदी जवळ होता, मागे गर्द झाडी होती. म्हटलं, काका, उणे करा. त्या एका फोटोसाठी सांगितलं होतं गं."

बाबांनी तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली. खालच्या माणसाने एकदा इशारा दिला की दुसरा इशारा येईपर्यंत दांडा हलवायचा नाही, हे ते आम्हाला जेवताना सांगायचे. गुरूने उणे दोन सांगितलं. दुसरा इशारा आलाच नाही.

मी कुंदनला ते सांगितलं. तो हसायला लागला, आणि हसताना त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

"मग आता दे इशारा," मी म्हणाले.

"अधिक एक कर."

उजेड कमीजास्त करायचं ते चाक बाबांच्या अंगठ्याने शेवटचं फिरवलेलं होतं. मी थोडा वेळ त्यावर नुसताच अंगठा ठेवला.

"फिरव गं बाय," मागून हौसाताई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "पाखरू काय तुज्यासाठी रातच्याला थांबनार हाय?"

मी फिरवलं. भृंगराज एक गिरकी मारून त्याच फांदीवर परत आला, मान तिरकी करून आमच्याकडे बघू लागला. मी बटण दाबलं. पडद्यावर आभाळ पांढरं पडलं, पिसं निळसर झाली, आणि डोळ्यात एक पांढरा ठिपका उमटला.

न्याहारीला हौसाताईंनी तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. कॅमेरा हातोहात फिरला, चटणीचे हात पुसून. विनायकरावांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि वही उघडली.

मंडळात एक नियम आहे. पूर्वी एकाच्या कॅमेऱ्यातून दुसऱ्याने खंड्या काढला आणि त्यावरून दोघे वर्षभर बोलत नव्हते. तेव्हापासून ज्याचा कॅमेरा, त्याचं नाव.

"नियमाने विचारावं लागतं," विनायकराव म्हणाले. "कॅमेरा कुणाचा?"

सगळे भाकरी खात होते, पण चावायचं थांबले होते. माझा म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. घरात तो वापरणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

"बाबांचा," मी म्हणाले.

त्यांनी सावकाश लिहिलं, डिसेंबर, भृंगराज, आणि बाबांचं नाव, तुळशीराम. मग पेन वर धरून म्हणाले, "आणि पुढच्या कॅलेंडरला? हा महिना फार दिवस अडवून ठेवता येत नाही."

"पुढच्या वर्षी माझा. महिना हाच."

"लिव," हौसाताई म्हणाल्या. "नायतर ती पुस्तक वाचत बसंल."

संध्याकाळी घरी आल्यावर कॅमेरा कपाटात ठेवताना चाकावर नजर गेली. अधिक एकवर होतं. उणे दोनवर परत न्यावं असं क्षणभर वाटलं. पण तसं काही कुणी सांगितलं नव्हतं. मी ते तसंच ठेवलं.